मेंदूची साक्ष आणि मनाची संमति

माहीम येथील एका पानवेलीच्या वाडींतून पाण्याचा पंप चोरीस गेला. संशय मजुरीस येणाऱ्या एका तरुणावर आला. कारण इतकेंच कीं तो त्या दिवशीं कामास आला नव्हता. पुढें आम्ही त्या आळीस गेलों असतां ओटीवर बसलेले एक वृद्ध बागाईतदार आम्हांस म्हणाले, “मास्तर, आतां डोक्यास तारा लावून मनांतलें काढून घेतात म्हणे. त्या पोरास तसें बसवा. चोर नसेल तर त्यानें भ्यावें कशाला?”

प्रश्न सरळ दिसतो, आणि पुष्कळ शिकलेले लोकही तोच विचारितात. म्हणून आमच्याच राज्यांतील एक खटला वाचकांपुढें ठेवितों. जून २००८ मध्यें पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत निकाल देतांना इतर पुराव्याबरोबर मेंदूच्या विद्युत्परीक्षेचाही आधार घेतला, आणि ती वार्ता जगभर गेली. ही परीक्षा बंगळूरचे मानसशास्त्रज्ञ मुकुंदन यांनीं तयार केलेली होती. तिची रीत अशी : आरोपीच्या डोक्यावर तारा जोडलेली टोपी घालावयाची आणि त्यास कांहीं वाक्यें ऐकवावयाचीं. ‘मी अमुक वाटेनें गेलों,’ ‘मी अमुक वस्तु विकत घेतली,’ अशीं तीं वाक्यें असतात. आरोपीनें कांहीं बोलावयाचें नाहीं. तो ऐकत असतां मेंदूंत उठणाऱ्या विजेच्या सूक्ष्म लहरी यंत्र टिपून घेतें. आणि ज्यानें कृत्य केलें त्याची आठवण व ज्यानें तें नुसतें ऐकलें त्याची माहिती, ह्यांतील भेद यंत्रास कळतो असें सांगण्यांत येतें.

ह्या सांगण्यावरच सर्व भार आहे, आणि येथेंच तो डळमळतो. पंप गेल्याची कथा माहिमांत एका सांजेंत घरोघर झाली. कोणी कुंपण कसें वांकविलें, कोणत्या वाटेनें गेला, हें सर्व त्या तरुणानेंही दहा वेळां ऐकलें. इतकेंच नव्हे, आपल्यावर आळ आहे हें समजल्यावर त्यानें तें रात्रीं पडल्या पडल्या मनांत पाहिलेंही असेल. भयभीत मनुष्याच्या कल्पनेस आणि अपराध्याच्या आठवणीस यंत्र निराळें ओळखील, हें सिद्ध कोणीं केलें? त्याच वर्षीं बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनें ह्या परीक्षेस शास्त्राचा पुरेसा आधार नाहीं, असें मत दिलें.

आमच्या पूर्वजांस हा प्रकार अगदींच अपरिचित नव्हता. मराठेशाहींत रवादिव्य होत असे. कढत्या तेलांतून धातूचा तुकडा हातानें काढावयाचा, हात बांधून ठेवावयाचा, आणि मागाहून सोडून पाहावयाचा. खरा असशील तर भितोस कशाला, हें त्या वेळींही म्हणत असतील. हात खऱ्याचाही भाजतो.

असो. दिनांक ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या प्रकरणांत ठरविलें कीं, गुंगीचें औषध देऊन केलेली चौकशी, असत्यशोधक यंत्र आणि मेंदूची परीक्षा, ह्यांपैकीं कोणतीही कोणावर त्याच्या इच्छेविरुद्ध करूं नये. कोणासही स्वतःविरुद्ध साक्षी होण्यास भाग पाडतां येत नाहीं. असत्यशोधक यंत्राच्या परीक्षेस आरोपी राजी असेल, तर त्याची संमति न्यायदंडाधिकाऱ्यापुढें नोंदली जावी. मनुष्य तोंड मिटून बसला तरी त्याच्या मस्तकांतून काढलेली गोष्ट ही त्याचीच साक्ष होय, हा ह्या निर्णयांतील गाभा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

विद्वान लोकही ह्या विषयावर परिषदा भरवीत आले आहेत. २००२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मेंदूच्या शास्त्राच्या नीतीवर मोठी परिषद झाली. २०२१ मध्यें चिली देशानें आपल्या राज्यघटनेंतच मेंदूच्या क्रियेस संरक्षण दिलें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत युनेस्कोच्या समरकंद येथील अधिवेशनानें ह्याविषयीं शिफारस मान्य केली. आम्ही अशा परिषदांस नांवें ठेवीत नाहीं. परंतु ‘संमति’ हा शब्द तेथें जितक्या सहज वापरला जातो, तितकी ती सोपी वस्तु नाहीं. कागदावर अंगठा उठला म्हणजे मन राजी झालें, असें गांवांत राहणारा कोण म्हणेल? ज्याची उद्यांची भाकर दुसऱ्याच्या वाडींत आहे, त्याचा ‘हो’ आणि वाडीच्या धन्याचा ‘हो’ एका वजनाचे नाहींत. तिकडे नुकसान झालेल्या मनुष्याचें दुःखही खरें असतें. त्यानें तपास मागावा, नेटानें मागावा. तपास म्हणजे पाऊलखुणा पाहणें, दुकानदारास विचारणें, आळ आलेल्याचें म्हणणें ऐकून घेणें. हें मंद काम आहे. यंत्राचा मोह उपजतो तो बहुधा ह्या कामाच्या कंटाळ्यांतून.

त्या बागाईतदारांस आम्हीं हें थोडक्यांत सांगितलें. ते ऐकून घेऊन म्हणाले, “पण तो पोर राजी असला तर?”

परततांना तो तरुण वाटेंतच भेटला. आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, “बसेन कीं, मास्तर. नाहीं म्हटलें तर मला पुन्हां वाडींत कोण घेईल?” मग त्या दिवशीं कोठें होतास, असें विचारतां त्यानें सांगितलें कीं, तो आईस घेऊन पालघरच्या दवाखान्यांत गेला होता, आणि चिठ्ठी घरीं आहे. हें त्यास तोंपर्यंत कोणीं विचारलेंच नव्हतें.