गोष्टीतलं सफरचंद

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक गृहस्थ आम्हाला भेटले. त्यांची पत्नी आजारपणात वारली, त्याला वर्ष होत आलं होतं. घरी अकरा वर्षांची मुलगी. "ती रडत नाही, बोलत नाही," ते म्हणाले. "शाळेच्या लायब्ररीतून जादूची, बोलणाऱ्या प्राण्यांची पुस्तकं आणते आणि कोपऱ्यात बसून वाचते. घरचे म्हणतात, काढून घ्या, खऱ्या जगात राहायला शिकू दे. काय करू?"

आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. दुःखात असलेल्या लेकराच्या हाती खोटी गोष्ट देणं म्हणजे त्याला फसवणं आहे का?

अशा पुस्तकांविषयी आपल्या मनात थोडा संशय असतोच. हॅरी पॉटरची पुस्तकं आली तेव्हा कितीतरी ख्रिस्ती घरांत त्यावरून वाद झाले. पण राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, हे आपल्याला आजीनेच सांगितलं होतं ना? तिने कधी चेटूक शिकवल्याचं आम्हाला आठवत नाही. बायबलमध्येही बोलणारी झाडं आहेत. शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय काढून पाहा. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल, सगळे नकार देतात. काटेरी झुडूप तेवढं तयार होतं. शखेमच्या लोकांना योथामाने हे ऐकवलं, आणि कुणाविषयी बोलणं चाललंय हे त्यांना बरोबर कळलं असणार.

त्या मुलीच्या प्रश्नापाशी आम्हाला दोन लेखकांनी आणून सोडलं. दोघांचीही आई लहानपणीच गेली. जे. आर. आर. टोल्किन बारा वर्षांचा असताना, १९०४ साली, त्याची आई मधुमेहाने वारली. वडील आधीच गेले होते. या पोरक्या भावांचं पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतले फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी घेतलं. पुढे १९१६ साली टोल्किन सोमच्या लढाईत खंदकांत होता आणि त्या महायुद्धात त्याने जिवलग मित्र गमावले. दुसरा सी. एस. लुईस. १९०८ साली त्याची आई कर्करोगाने गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केली होती. ती बरी झाली नाही. तरुणपणी त्याने देवच नाकारला. १९३१ साली तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, त्यात मित्र टोल्किनशी झालेल्या बोलण्याचा मोठा वाटा होता.

'हे सगळं वास्तवापासून पळणं आहे,' या आरोपाला टोल्किनने १९३९ सालच्या एका व्याख्यानात उत्तर दिलं. त्याचा आशय असा: तुरुंगातला कैदी घराचा विचार करतो, तेव्हा आपण त्याला पळपुटा म्हणत नाही. रणांगण सोडून पळणारा शिपाई वेगळा, कैदी वेगळा. आम्हाला वाटतं, त्या कोपऱ्यातल्या मुलीला घरच्यांनी शिपाई समजून दटावलं, आणि ती होती कैदी.

शिवाय चांगली काल्पनिक कथा दुःख लपवत नाही. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फ्रोडो मोहिमेवरून घरी येतो. गाव वाचलेलं असतं, पण त्याची जखम पुरती भरत नाही. ती ज्या तारखेला झाली, त्या तारखेला पुन्हा दुखते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्यांना तारखेचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लुईसने १९५५ साली 'द मॅजिशियन्स नेफ्यू' प्रसिद्ध केलं. त्यातल्या डिगरीची आई मरणाच्या दारी आहे. तो अस्लान नावाच्या सिंहाकडे आईसाठी काहीतरी मागतो आणि घाबरत वर पाहतो, तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्या आसवांहून मोठी आसवं. पुढे दूरच्या बागेतलं सफरचंद चोरून आईला नेण्याचा मोह त्याला होतो. तो मोह आवरतो, रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवतो. मग अस्लान स्वतः त्याला एक सफरचंद देतो आणि आई बरी होते.

लुईसच्या आईला असं सफरचंद मिळालं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाची राहून गेलेली गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने लिहिली. याला खोटं म्हणायला आमची जीभ वळत नाही.

पण गोष्टीची मर्यादाही त्यालाच कळली. १९६० साली त्याची पत्नी कर्करोगाने गेली. तेव्हा त्याने सिंहाची कथा लिहिली नाही. साध्या वह्यांत देवावरचा राग, शंका, हुंदके उतरवले. ते १९६१ साली टोपणनावाने छापलं. म्हणून पुस्तक दिलं की आपलं काम झालं, असं आम्ही म्हणणार नाही. मूल महिनोन्महिने कोपऱ्यातून बाहेरच येत नसेल, जेवणझोप सोडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं, त्यात लाज कसली?

त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा गाठलं आणि एवढंच सुचवलं की पुस्तक काढून घेऊ नका, शेजारी जाऊन बसा. तिला वाचून दाखवायला सांगा. इंग्रजी नीट येत नाही, म्हणून ते संकोचले. "तेच बरं," आम्ही म्हणालो, "ती तुम्हाला मराठीत सांगेल."

परवा ते भेटले. लुईसचं हेच पुस्तक सध्या दुसऱ्यांदा चालू आहे. सफरचंदाच्या पानावर आली की मुलगी थांबते आणि विचारते, "पप्पा, असं खरं होत नाही ना?" ते नाही म्हणतात. "मला माहीत आहे," ती म्हणते आणि पुढे वाचू लागते.