चिमणीच्या घराचा नकाशा

कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं घर मेणाचं, हे मी आजवर निदान हजार वेळा सांगितलं असेल. आधी मुलांना, आता नातीला. कुणी हरकत घेतली नव्हती. परवा रात्री नातीनं मला नेमकं तिथंच अडवलं.

"आजोबा, उन्हाळ्यात मेणाचं घर वितळत नाही?"

शहाण्या माणसानं अशा वेळी ‘नाही’ म्हणून पुढं सरकावं. पण माझा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेला. खुलासा मागितला की तो सविस्तर द्यायचा, ही सवय जडलेली. म्हटलं, "मधमाश्यांचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश उष्णता लागते. नागपूरचा मे महिनासुद्धा तिथवर जात नाही. थोडं मऊ पडतं, एवढंच."

मग मी थांबेना. चिमणीचं घर वडाच्या कुठल्या फांदीवर, तिथं सावली किती वाजेपर्यंत, सगळं सांगितलं. मेणासाठी चिमणीनं मधमाश्यांशी करार केला, बदल्यात दाणे. मधमाश्या दाणे खात नाहीत हे लक्षात आल्यावर ते कलम दुरुस्त केलं. पुढं कावळ्याला शेण देणारी गाय आली, गायीचा मालक आला. वीस मिनिटं झाली तरी कावळा कोरडा ठणठणीत!

आतून हिचा आवाज आला, "अहो, पाऊस पाडा आता. झोपायची वेळ झाली तिची."

या दुखण्याला थोर पूर्वज आहेत. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली तीन भागांत आली. तिसऱ्या भागाला वंशावळी, कालगणना आणि लिप्यांची परिशिष्टं आहेत. त्यातल्या लोकांच्या भाषा तर त्यांनी कितीतरी आधीपासून रचायला घेतल्या होत्या. पण १९३७ साली आलेल्या ‘हॉबिट’ची सुरुवात कशी झाली? परीक्षेचे पेपर तपासताना या गृहस्थांना एक कोरं पान सापडलं. त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या हॉबिटाबद्दल एक वाक्य खरडलं. हॉबिट म्हणजे कोण, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं!

म्हणजे नकाशा नसला तरी गोष्ट निघू शकते. चिऊ-काऊचं सगळं जग मोजून चार वस्तूंचं: शेण, मेण, पाऊस आणि दार. पावसात शेण वाहून जातं, मेण टिकतं. तेवढ्यानं एक जण बाहेर भिजतो, दुसरी आत कोरडी राहते, आणि दार उघडायचं की नाही हा प्रश्न उभा राहतो. माझ्या वडानं आणि करारानं त्या प्रश्नात काडीचाही फरक पडत नव्हता.

हे मनाशी पटल्यावर मी घाईघाईनं पाऊस पाडला, कावळ्याला भिजवलं, दार वाजवलं. नात गप्प. झोपली वाटतं, म्हणून दिवा मालवायला उठलो.

"आजोबा, उन्हाळ्यात मेण मऊ पडतं ना?"

"पडतं."

"आणि शेणाचं घर?"

"ते वाळून आणखी टणक होतं."

"मग उन्हाळ्यात चिऊताईलाच काऊकडे जावं लागणार. तो दार उघडेल?"

माझ्या वीस मिनिटांच्या पसाऱ्यातून तिनं एकच गोष्ट उचलली होती. मी ती वाद मिटवण्यासाठी वापरली. तिला त्यात न्यायाचा प्रश्न दिसला. फांदीची दिशा विचारली असती तर मी तत्काळ सांगितली असती. यावर उत्तर नव्हतं.

"उद्या सांगतो," म्हणालो. ती झोपली. मी मात्र आपण आजवर कुणाकुणाला ‘जरा थांब’ म्हणून दाराबाहेर उभं केलं, याचा हिशेब करत बसलो. तो काही केल्या जुळेना. आणि उन्हाळा तर तोंडावर आलेला.