जुळलेली बोटे आणि पापाचा हिशेब

आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी एक लेकुरवाळी बाई आमच्या राहुटीपाशी येऊन बसली. मांडीवर नऊ-दहा महिन्यांचे मूल, आणि त्याचा उजवा हात पदराखाली झाकलेला. भीड चेपल्यावर तिने तो हात पुढे केला. मधले बोट आणि करंगळीजवळचे बोट शेंड्यापर्यंत कातडीने जुळलेली होती. ती हळूच म्हणाली, "माउली, सासूबाई म्हणतात, गिऱ्हाण पाळलं नाहीस त्याचं हे फळ. दीर म्हणतात, मागल्या जन्मीचं पाप. माझं कुठलं पाप हो हे?"

हा प्रश्न त्या एकटीचा नाही, म्हणून येथे त्याचा विचार करू.

आधी देहाची गोष्ट. आईच्या उदरात गर्भाचा हात प्रथम वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. तुमचा, आमचा, सर्वांचाच तसा होता. सुमारे सहाव्या ते आठव्या आठवड्यात बोटांमधल्या पेशी आपोआप नाहीशा होतात व बोटे सुटी होतात. ते काम कोठे अपुरे राहिले की बोटे जुळलेली राहतात. दोन-तीन हजार जन्मांत एखाद्या मुलाचे असे होते. कित्येक घरांत ते पिढीजात चालत येते.

आता ग्रहण. पोट दिसू लागले की बाईला ग्रहण पाळायला बसवतात. पण बोटांचे काम त्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते! सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने सुटी झालेली बोटे पुन्हा कशी जुळणार? शिवाय ग्रहण लागते ते साऱ्या मुलखाला. विळी हाती धरलेल्या कितीक बायांना त्या वेळी धडधाकट लेकरे झालीच ना?

कोणी म्हणेल, मग संचित-प्रारब्ध खोटे काय? आमचे म्हणणे इतकेच की, कर्माचा सिद्धांत आहे तो आपली आपण झडती घेण्यासाठी. माझ्या हातून वाईट घडले तर मलाच भोगावे लागेल, ही धास्ती मनुष्याला सरळ ठेवते. तोच सिद्धांत दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवायला वापरला, की त्यातला धर्म जातो आणि नुसती निंदा उरते. परक्याच्या खात्याची वही आपल्यापुढे कोणी उघडली आहे?

संन्याशाची पोरे म्हणून निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या भावंडांना वाळीत टाकले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. तेथे आईबापांचा दोष लेकरांच्या माथी मारला. येथे लेकराच्या बोटांवरून आईला दोषी धरतो. मग ते डोळे पुसले कशाला?

दोष शोधण्यात जातो तो वेळ इलाजाचा असतो. बोटे सुटी करण्याची शस्त्रक्रिया बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास करतात. लहानमोठी बोटे जुळली असतील तर त्याआधीही करतात, कारण वाढताना मोठे बोट वाकडे होते. नुसती चीर देऊन भागत नाही. उघड्या बाजू झाकायला बहुधा अंगावरच्या दुसऱ्या जागेची कातडी लावावी लागते. म्हणून घरी दोरा आवळणे, ब्लेड लावणे असले काही करू नये. पायाची बोटे जुळली असतील तर चालण्यास सहसा अडचण नसते, आणि शस्त्रक्रियेची गरजही बहुधा पडत नाही.

त्या बाईला आम्ही म्हणालो, "माय, पाप तुझे नाही आणि लेकराचेही नाही. हात झाकू नको. घरी गेलीस की मोठ्या दवाखान्यात प्लास्टिक सर्जनला दाखव." तिने पदर बाजूला केला. पोर त्याच हाताने आमच्या टाळाची दोरी ओढू लागले.

वाचकहो, वारीत आपण एकमेकांच्या पायां पडतो. तेव्हा समोरच्याच्या पायाची बोटे सुटी की जुळलेली, हे कोणी पाहत नाही. पंढरीहून घरी परतल्यावर, शेजारच्या पाळण्यात डोकावताना, तीच दृष्टी ठेवावी.