सोंग, नाम आणि कच्ची प्रतिमा

वस्तूची ओळख कशात असते, या प्रश्नाची चर्चा भारतीय तत्त्वचिंतनात 'नाम' आणि 'रूप' या जोडीच्या आधारे फार पूर्वीपासून होत आली आहे. छांदोग्य उपनिषदातील उद्दालकाच्या दृष्टान्तात घडा हा नावापुरता विकार असून माती हेच सत्य ठरते. मिलिंदपञ्हातील नागसेन रथाचे एकेक अंग वेगळे काढून 'रथ' हे व्यवहारातले नाव असल्याचे दाखवतो. छायाचित्रांचे संपादन व सूचीकरण करणारा एक प्रोग्रॅम सोडून दुसरा स्वीकारताना हाच प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्याच्या छायाचित्रांच्या बाबतीत तो विशेष टोकदार होतो.

बोहाडा, ज्याला काही ठिकाणी भोवाडा म्हणतात, हा मुखवट्यांचा रात्रीचा उत्सव आहे. गणपती, नरसिंह, रावण, देवी व महिषासुर अशी सोंगे टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात आणि लोक सोंगापुढे देव म्हणूनच हात जोडतात. वर्षे उलटतात, मुखवट्याखालचा माणूस बदलतो, पावलांची ढब बदलते, तरी गावाच्या लेखी नरसिंह तोच राहतो.

अशा रात्री कॅमेऱ्यात उमटते ती रॉ फाइल, म्हणजे संवेदकाने मोजलेल्या प्रकाशाची प्रक्रिया न झालेली नोंद. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकाचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो व उरलेले दोन प्रोग्रॅम शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरतो. लाइटरूम, कॅप्चर वन किंवा विनामूल्य डार्कटेबल यांपैकी कोणताही प्रोग्रॅम मूळ फाइलमधल्या प्रकाशाच्या नोंदीला हात लावत नाही. उजेड किती वाढवायचा, सावली किती उचलायची, एवढ्या सूचना तो वेगळ्या लिहून ठेवतो, त्यामुळे दुरुस्त केलेले चित्र, ते मुद्दाम नव्या फाइलीत उतरवून घेईपर्यंत, सूचना पाळल्या जाताना पडद्यावर तेवढे प्रकट होते. उद्दालकाचा न्याय येथे अडखळतो, कारण माती निदान हातात घेता येते, पण रॉ फाइल कोणत्या तरी प्रोग्रॅमच्या अर्थनिर्णयावाचून पाहताच येत नाही. वेदान्त्याला येथे निर्गुण-सगुणाची आठवण होईल. ती तुलना मोहक असली तरी फसवी आहे, कारण निर्गुणाला सगुणाची गरज नसते आणि रॉ फाइलला मात्र रूपावाचून गत्यंतर नसते.

टेंभ्याचा प्रकाश नारिंगी असतो. एक प्रोग्रॅम तो पांढऱ्याकडे ओढतो, दुसरा तसाच राहू देतो. एकात मुखवट्याच्या लाल रंगातील छटा दिसतात, दुसऱ्यात तो लाल सपाट डाग होतो. खरे रूप कोणते, या प्रश्नाला बोहाड्यातून मिळणारे उत्तर अधिक समंजस वाटते: सूचना हे सोंग आणि प्रोग्रॅम हा ते नाचवणारा, आणि नाचणारा बदलल्यावर पाऊल हुबेहूब तेच पडावे ही अपेक्षाच चुकीची.

नामाची गोष्ट वेगळी आहे. ॲपलने जून २०१४ मध्ये ॲपर्चर या प्रोग्रॅमचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा लाइटरूमकडे वळणाऱ्यांचे कीवर्ड (चित्राला जोडलेले शोधशब्द) व पसंतीचे तारे सोबत गेले, पण रंगदुरुस्त्या मागेच राहिल्या, कारण शब्दांसाठी समाईक मापदंड आहेत आणि रूपाची गणिते ज्याची त्याच्यापाशी असतात. शास्त्रात एका श्वासात उच्चारले जाणारे नाम आणि रूप येथे असे फुटतात. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे २०१० मध्ये मोखाड्यात घेतलेल्या चित्राचा 'ठाणे' हा कीवर्ड एका दिवसात जुना झाला. तो पुसून 'पालघर' लिहिणे ही दुरुस्ती की इतिहासाची खाडाखोड? १९४८ पूर्वी जव्हारमध्ये घेतलेल्या छायाचित्रावर तर 'जव्हार संस्थान' हेच नाव खरे होते. सूचीकाराने तिन्ही नावे ठेवावीत हे योग्य, कारण शोधणारा कोणत्या नावाने येईल हे आधी सांगता येत नाही. बोहाडा व भोवाडा यांनाही तोच नियम लागू आहे.

म्हणून प्रोग्रॅमची निवड करताना रंग किती सुंदर दिसतात यापेक्षा नावे फाइलीत किंवा तिच्याशेजारच्या साइडकार फाइलीत लिहिली जातात की केवळ प्रोग्रॅमच्या कॅटलॉगमध्ये अडकून राहतात, हे आधी तपासावे लागते. लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपल्यावर कॅटलॉग उघडतो, चित्रे दिसतात, पण संपादनाचा विभाग बंद होतो. स्थलांतरापूर्वी निवडक चित्रे टिफ स्वरूपात उतरवून घेतल्यास एका रात्रीचे एक रूप तरी थिजून हाती राहते, उत्सवानंतर जपून ठेवलेल्या मुखवट्यासारखे. रॉ फाइल मात्र त्याच्याशेजारीच ठेवावी लागते, कारण पुढचा नाचणारा तिच्याकडेच येणार असतो.