मामाचं पत्र

सोनारी, ता. परांडा

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा ज्वारीची रास घरी आली, काल कडब्याची गंजी रचून झाली. पाठ धरलीय, म्हणून आज घरीच बसून तुला लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण तू तिकडून "हो मामा, हो मामा" करतेस आणि बोटं चालूच असतात. टकटक ऐकू येते मला.

ताई सांगत होती, परीक्षा महिन्यावर आली तरी रात्री दोन-दोनपर्यंत तुझं टेट्रिस चालतं. गेम सोड म्हणायला मला तोंड नाही. ९६च्या चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेतून मी तसलाच राखाडी गेम घेतला होता, दोन पेन्सिल सेलचा. देवळाच्या ओट्यावर खेळत बसलो, तर माकड शेजारी येऊन टेकलं तरी पत्ता नाही. आपली माकडं तुला ठाऊकच आहेत, हातातलं खोबरंसुद्धा राहू देत नाहीत. त्यानं गेम हिसकला, चावून पाहिला, खायचं काही नाही म्हटल्यावर भिंतीवरून टाकून दिला. पडद्यावरचा उजवीकडून तिसरा रकाना कायमचा गेला. पुढची दोन वर्षं मी नऊ रकाने डोळ्यांनी बघून आणि दहावा मनात धरून खेळलो. त्या काळात मला गणितात किती पडले ते तुझ्या आईला विचार.

तर खेळ, पण नीट खेळ. मी पहिल्यांदा गंजी रचली तेव्हा आबांनी अर्धी उतरवायला लावली होती. मधे एक पेंढी बसेना, म्हणून मी पोकळी तशीच ठेवून वर थर चढवला होता. बाहेरून गंजी झकास दिसत होती. आबांनी हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. म्हणाले, "पाण्याला वाट करून दिलीस." तुझंही तेच आहे बघ. तुकडा कुठं बसतो यापेक्षा त्याच्याखाली काय झाकलं जातं ते आधी बघावं. थर सपाट ठेव, कडेचा एक रकाना लांब पट्टीसाठी मोकळा सोड. निन्टेंडोच्या जुन्या गेममध्ये सुरुवातीच्या पातळीला एक ओळ गेली तर ४० गुण आणि चार एकदम गेल्या तर १२००, म्हणून सगळे पट्टीची वाट बघतात. आमच्या वेळी ती कधी येईल याचा भरवसा नसायचा. आताच्या बहुतेक गेममध्ये सातही तुकडे पिशवीतून काढल्यासारखे एकेकदा येतात, मगच पिशवी पुन्हा भरते. त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये फार तर बारा तुकडे. तरीही ढीग अर्ध्यावर गेला की हाव सोडायची, मिळेल ती ओळ घालवायची.

पण बाळा, मला खरी काळजी आहे ती झोपेची. हा गेम संपत नाही. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत अलेक्सी पाजितनोव यांनी तो केला, तेव्हा त्या यंत्राला चित्रंही काढता येत नव्हती, कंसाच्या खुणांचे चौकोन पडायचे. तेव्हापासून शेवट एकच, आपण हरायचं. २०२३च्या डिसेंबरात विलिस गिब्सन नावाच्या १३ वर्षांच्या अमेरिकन पोरानं निन्टेंडोचा गेम १५७व्या पातळीला नेला आणि गेमच गोठला. मला त्यातलं भावलं ते वेगळंच. एवढा पराक्रम त्यानं चाळीसेक मिनिटांत केला, रात्रभर बसून नव्हे.

आणि डोळे मिटल्यावरही तुकडे पडताना दिसतात ना? मलाही दिसायचे, आईला वाटायचं बाधा झाली. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २०००च्या सुमारास हे तपासलं होतं. ज्यांना आपण गेम खेळलो हेही आठवत नव्हतं, अशा स्मृती गेलेल्या रुग्णांनाही झोप लागताना ते तुकडे दिसले. मग दोन वाजेपर्यंत खेळून पडलीस, तर सकाळी वाचलेलं डोक्यात बसायला जागा कुठली?

माझं ऐकशील तर अंथरुणात फोन घेऊन पडू नकोस. त्यानं मान आणि अंगठा दोन्ही जातात. टेबलाशी ताठ बसून खेळ, मधेमधे खिडकीतून लांबचं झाड बघ. किती डाव ते आधीच ठरव, आणि चांगला डाव झाला की ऊठ. हरल्यावर उठेन म्हणशील तर उठणं होत नाही, ईर्ष्या चढते. मी पंप चालू करायचा विसरून ऊस वाळवलाय त्यापायी. हे आबांना अजून माहीत नाही, तू बोलू नकोस.

मामीनं खारोड्या दिल्यात, येत्या एसटीनं येतील. परीक्षा झाली की इकडं ये. तो गेम अजून ट्रंकेत आहे, नवे सेल घालून पाहिले तर चालतोय. रकाना तेवढा आला नाही.

आणि एक. अकरानंतर तू ऑनलाइन दिसलीस तर मी फोन करणार आहे. मला पहाटे पाचला धारेला उठावं लागतं, अकरापर्यंत जागणं जड जातं. तेवढी वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझा,
मामा