सुस्वागतम् आणि उद्या या

माणसाने चाळिशी ओलांडली की आपल्या हातांत एक कारागीर दडलेला आहे, असा त्याला भास होऊ लागतो. कुणी बागकामाला लागतो, कुणी घरातला रेडिओ उघडून बसतो (आणि मग तो रेडिओ उघडाच राहतो). मला सुतार व्हावंसं वाटलं. वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेली. हातोडी मी आजवर एकदाच उचलली होती, तीही शेजाऱ्याला परत करण्यासाठी.

निमित्त झालं दसऱ्याचं. आमचं पेठ नाशिकपासून पन्नासेक किलोमीटरवर, सावळघाट ओलांडून डोंगरांत. चार महिने इथे असा पाऊस पडतो की छत्री ही वस्तू केवळ मनाच्या समाधानासाठी बाळगायची. मग आश्विनात आभाळ उघडतं, खाचरांत भाताच्या लोंब्या पिवळ्या व्हायला लागतात आणि गावाला एकदम सजण्याची हौस येते. पूर्वी दाराला झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या बांधल्या की काम भागायचं. आता बाजारात प्लास्टिकचा झेंडू मिळतो. तो वाळत नाही, धुऊन पुढच्या वर्षीही लावता येतो. चौकात फ्लेक्स लागतात. त्यांवर इतके चेहरे असतात की त्यांतून शुभेच्छा शोधून काढाव्या लागतात.

मी घरात जाहीर केलं, ‘‘यंदा आपल्या दारावर लाकडी पाटी. हाताने केलेली.’’

‘‘कुणाच्या हाताने?’’ हिने विचारलं. काही प्रश्न फक्त बायकांनाच सुचतात.

लाकडाचा प्रश्न होताच. पेठच्या आजूबाजूला साग आहे, पण जितका साग तितकंच वनखातं. शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी एका जुन्या चौकटीची फळी दिली. तीन फूट लांब, सहा इंच रुंद, अस्सल साग. सोबत पटाशी दिली, कानस दिली आणि सल्ला दिला, ‘‘साहेब, लाकूड ज्या दिशेला जातं त्या दिशेला जा. उलटं गेलात तर फुटेल.’’ लगेच हेही म्हणाले, ‘‘आणि एवढं लांबलचक कशाला? नुसतं ‘या’ कोरा. दोन तासांत होईल.’’

मी हसलो. ‘या’ ही काय पाटी झाली? मला ‘सुस्वागतम्’ हवं होतं.

दोन रविवार गेले. पहिला ‘सु’ असा ऐसपैस उमटला की मी तो हिला तीनदा दाखवला. पुढची अक्षरं मात्र, बँकेच्या फॉर्मवर लांब आडनावाचं जे होतं, तशी आकसत गेली. ‘सुस्वागत’पर्यंत आलो आणि फळी संपली. ‘म्’ बाहेर राहिला. मी कपाळाला हात लावून बसलो असताना निवृत्त गुरुजी आले. चष्मा सावरून म्हणाले, ‘‘म् नसला तरी चालेल. जास्त झालाय तो ‘सु’. अहो, सु अधिक आगत म्हणजे स्वागत. ‘सु’ आत आहेच, तुम्ही तो बाहेरून पुन्हा लावलात.’’

म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा! माझ्या नोकरीत असली चूक झाली असती तर खुलासा मागितला असता. पण लाकडावर खाडाखोड करून बाजूला सही करता येत नाही. पाटी तशीच दारावर चढली. खाली झेंडूची माळ सोडली. आल्यागेल्यांनी कौतुक केलं. दसरा झकास झाला.

भानगड पुढे झाली. काउंटरवर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की, मी दारावर हे जे लिहून ठेवलंय, ते नेमकं काय आहे? सजावट की वचन? चेकवर एखाद्याचं नाव घालून ‘अकाउंट पेयी’ अशा दोन तिरप्या रेघा मारल्या की पैसे त्याच्याच खात्यात जातात. पण बेअरर चेक घेऊन जो येईल त्याला पैसे द्यावे लागतात. मग ‘सुस्वागत’ हा बेअरर चेकच की! त्यावर ‘साडूसाठी’, ‘बदली होऊन आलेल्या मॅनेजरसाठी’ असं काही लिहिलेलं नाही. जो येईल त्याचं स्वागत. आणि खात्यात शिल्लक नसताना चेक फाडला तर? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ सालचा. त्यात १९८८ साली १३८ कलम घातलं गेलं आणि चेक न वटणं हा गुन्हा झाला. आता तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. न वटलेल्या स्वागताला मात्र कुठलंच कलम नाही. म्हणूनच लोक ते इतक्या सढळ हाताने लिहीत असावेत.

हा विचार मला फार गमतीदार वाटला होता. दिवाळीच्या तोंडावर त्याची गंमत गेली.

वाघबारशीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. शहरात आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस म्हणतात आणि गाय-वासराची पूजा करतात. आमच्या डोंगरांत त्याच दिवशी वाघाची पूजा असते. दोन्ही पूजा एकाच तिथीला ठेवणाऱ्याचं हिशेबाचं ज्ञान माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं होतं. त्या दिवशी दुपारी एक म्हातारेबाबा लांबच्या पाड्यावरून सणासाठी पैसे काढायला आले होते. सर्व्हर बंद होता. मी रोजच्या सवयीने म्हटलं, ‘‘उद्या या.’’

संध्याकाळी मी घरी पेपर वाचत पडलो होतो. कडी वाजली. दार अर्धवट उघडलं तर समोर तेच बाबा. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, ‘‘बाबा, बँक बंद झाली. सांगितलं ना, उद्या या.’’

‘‘हां,’’ ते म्हणाले आणि गेले.

आतून हिने विचारलं, ‘‘काय म्हणत होते ते?’’

‘‘पैसे. दुसरं काय?’’

‘‘तुम्ही बोलू कुठं दिलंत त्यांना? आणि या वेळेला त्यांच्या पाड्याकडे गाडी तरी आहे का?’’

मी बॅटरी घेऊन बाहेर पडलो. बाबा एस.टी. स्टँडवरच्या बाकावर धोतर पायांभोवती लपेटून बसले होते. म्हणाले, ‘‘गाडी गेली, सायेब. तुम्ही उद्या बोलावलंय, मंग कशाला जाऊन येऊ? ओट्यावर पडू का, इतकंच इचारायचं होतं.’’

आता बघा. ‘या’ हा मराठीतला स्वागताचा सर्वांत छोटा शब्द. तोच मी वीस वर्षं माणसांना घालवून देण्यासाठी वापरतो आहे. आधी नुसता ‘उद्या’ जोडला की झालं. आणि ज्याला मी घालवला होता, त्याने माझं ‘या’ खरं मानलं होतं!

बाबांना घरी आणलं. ते जेवले, ओटीवर झोपले. सकाळी उजेडात पाटीकडे पाहत त्यांनी लाकडावरून बोट फिरवलं. ‘‘साग हाये. आमच्या वाघदेवाचा पण सागच.’’ मग विचारलं, ‘‘काय लिवलंय?’’

‘‘ ‘या’ असं लिहिलंय,’’ मी म्हणालो. मिस्त्री बरोबर होते.

‘‘हां,’’ बाबा म्हणाले. आदल्या संध्याकाळसारखंच. हा ‘हां’ जमेच्या बाजूला लिहायचा की नावे टाकायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दहा वाजता सर्व्हर चालू होता. पहिले पैसे त्यांना दिले आणि ते सणाला घरी गेले.

त्यांचा वाघदेव मी पाहिलेला आहे. तुम्हीही कधी या भागात आलात तर गावाच्या वेशीवर पाहाल. उभं लाकूड, त्यावर सूर्य, चंद्र, वाघ, नाग कोरलेले आणि वर शेंदूर. अक्षर एकही नाही. बारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात, तिथे शिजवतात आणि वाघाला नैवेद्य दाखवतात. आमच्या गुरांना सांभाळ, एवढंच मागणं. त्या लाकडावर ‘वाघोबा, सुस्वागतम्’ असं लिहिलेलं नाही. जेवढं पाळता येईल तेवढंच कोरलेलं आहे. माझ्या पाटीवर मात्र ऐपतीपेक्षा एक ‘सु’ जास्त.

मग पाटी काढून टाकावी का? तसा विचार केला. खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ कोरावं, असंही आलं मनात. फळीवर जागा नव्हती. आणि दिलेला चेक ‘स्टॉप पेमेंट’ करणं हा काही सभ्य माणसाचा मार्ग नव्हे. शिल्लक कमी असेल तर भरणा करावा.

विचार करता करता एक साधी गोष्ट ध्यानात आली. दार अर्धवट उघडून मी जेव्हा त्या बाबांना बोललो, तेव्हा पाटी त्यांच्या डोक्यावर होती. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला ती दिसत नव्हती. म्हणजे पाटी चांगली होती, लावली होती चुकीच्या बाजूला.

आता ती दाराच्या आतल्या बाजूला आहे, कडीच्या बरोबर वर. पाहुणे हसतात. गुरुजी म्हणाले, ‘‘हे व्याकरणापेक्षा मोठं चुकलं.’’ मिस्त्रींना वाटतं, साहेबांना दार कुठून उघडतं हेच ठाऊक नाही. ही मात्र काही बोलली नाही. फक्त परवा कडी वाजली आणि मी पेपरमागून ‘‘कोण आहे?’’ असं जरा वरच्या पट्टीत विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला,

‘‘अहो, आधी वाचा. मग उघडा.’’