सही आणि शब्द

धनत्रयोदशीला आम्ही डॉक्टर-वैद्य मंडळी धन्वंतरीची पूजा करतो आणि बाकीचे लोक धनाची. दोन्ही पूजा एकाच तिथीला याव्यात यात पूर्वजांचा थोडा खट्याळपणा असावा, असे मला पुष्कळदा वाटते. पण अलीकडे धन्वंतरी आणि धन यांच्यामध्ये तिसरा एक पाहुणा पाट मांडून बसला आहे. तो म्हणजे कायदा. शस्त्रक्रियेपूर्वी मी संमतीपत्र पुढे करतो, तेव्हा नातेवाईक चष्मा पुसतात, कागद उलटसुलट करून पाहतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे डॉक्टरसाहेब, काही बरेवाईट झाले तर तुमच्यावर काही नाही, असेच ना?"

या भाबड्या प्रश्नाच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. ज्याच्या हाती आपण जीव सोपवतो त्याच्याकडे हिशेब मागणे, हा अविश्वास म्हणावा काय?

माझे अनेक व्यवसायबंधू म्हणतात, होय. त्यांच्या मते पूर्वी डॉक्टर घरातला एक वडीलधारा असे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रोगी ग्राहक झाला, दवाखान्याचे दुकान झाले आणि नाते संपले.

मला हे पुरते पटत नाही. 1953 सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला एका शल्यविशारदाकडे आणले आणि त्याच रात्री तो गेला. भूल न देता, जोर लावून हाड बसवले, असा आरोप होता. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1968 साली तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. तेव्हा ग्राहक कायद्याचा जन्मही व्हायचा होता. तीन हजारांसाठी कोणी बाप इतकी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत नाही. मला वाटते, त्याला उत्तर हवे होते. मुलाला काय झाले, एवढेच.

जुन्या काळी लोक हे उत्तर मागत नसत, याचा अर्थ त्यांचा विश्वास अधिक होता असे नाही. पुष्कळांना मागण्याची सोयच नव्हती. गरजवंताच्या मुकेपणाला आपण विश्वास हे गोंडस नाव दिले. हिशेबाची कल्पना मात्र मुळीच नवी नाही. जिवाला धोका असलेला उपचार न कळवता करणाऱ्या वैद्याला रोगी दगावल्यास दंड करावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. प्लेटोने दोन प्रकारचे वैद्य वर्णिले आहेत: गुलामांचा वैद्य काही न सांगता औषध देऊन पुढे जातो, स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशी बोलतो, त्याला पटवतो आणि मगच औषध देतो. प्रश्न विचारणारा रोगी आमचा अपमान करीत नाही. तो स्वतंत्र माणसासारखा वागतो, इतकेच.

कोणी म्हणेल, हे लिहायला सोपे आहे, भीतीचे काय? भीती खरी आहे. घाबरलेला डॉक्टर चार तपासण्या जास्त लिहितो आणि गुंतागुंतीचा रोगी दारातूनच शहराकडे पाठवतो. त्याची किंमत ज्याच्याजवळ एसटीच्या भाड्याचीही वानवा असते तो देतो. न्यायालयांनाही हे कळते. प्रत्येक अपयश हा गुन्हा नव्हे, फौजदारीसाठी बेपर्वाई ढोबळ असली पाहिजे, असे 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2010 सालचा कायदा आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे कुंपण दोन्ही बाजूंनी घातलेले आहे. पण कुंपण घातल्याने शेत पिकत नाही.

खरी कसोटी लागते ती उपचार फसल्यावर. दाराबाहेर माणसे ताटकळत असतात आणि आत कोणीतरी सल्ला देते, "कमी बोला." हा सल्ला वकिली दृष्टीने शहाणपणाचा असेलही. पण त्या खोलीत काय घडले हे सांगू शकणारा मीच असतो. रोगी बेशुद्ध होता, नातेवाईक बाहेर होते. ज्या गोष्टीचे ज्ञान केवळ माझ्यापाशी आहे पण जिचे दुःख दुसऱ्याचे आहे, ती माझ्या मालकीची कशी होईल? ती ठेव आहे, आणि ठेव परत करायची असते. दोष कोणाचा हे न्यायाधीश ठरवील. काय घडले, हे मात्र मीच सांगितले पाहिजे. माझा शब्द माझ्याविरुद्ध वापरला जाईल, हा धोका राहतोच. पण रोग्याने माझ्या भरवशावर पत्करलेल्या धोक्यापुढे तो लहान आहे. नियमाप्रमाणे रुग्णाचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. शब्दाला एवढा वेळ लागू नये.

आता थोडे तुमच्याविषयी. डॉक्टरने सारे खरे सांगावे म्हणणारे कुटुंबच मला दाराआड गाठून म्हणते, "आईंना काही बोलू नका हं, त्या खचतील." आई आत असतात, शुद्धीवर असतात, आयुष्यभर घर चालवलेल्या असतात, आणि त्यांच्या शरीराविषयीची बातमी सोडून सर्व त्यांना सांगितले जाते. दिल्लीत एका बाईंना केवळ तपासणीसाठी भूल दिली होती; त्या बेशुद्ध असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सज्ञान रोग्याच्या वतीने दुसऱ्याची अशी संमती चालणार नाही. मायेने दिलेली असली तरीही. म्हणजे जो हिशेब तुम्ही माझ्याकडे मागता, तोच तुम्ही घरातल्या रोग्याला देणे लागता.

म्हणून मला वाटते, हिशेब मागणे अविश्वास नव्हे. हिशेब मागता येतो आणि तो मिळतो, हे ठाऊक झाल्यावरच डोळस विश्वास सुरू होतो. संमतीपत्रावरची सही कोर्टाच्या कामी येईल न येईल. तिच्याआधी झालेले दहा मिनिटांचे बोलणे मात्र रोग्याच्या नक्की कामी येते. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टर घाईने पेन पुढे करतील, तर ते हाती घेण्याआधी खुशाल विचारा, "आधी सांगा तर खरे, काय करणार आहात?" आणि खाटेवरच्या माणसाला ऐकू येईल अशा आवाजात विचारा.